जुन्या आज्ञावलीला नवा चेहरा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला कोणतेही यंत्र लागत नाही. 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब इथल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पन्नास मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडे अधिक. हिशेब ढोबळ खरा, पण होडी पाण्यात लोटायला पुरेसा.

मात्र पाणी किती चढेल हे या हिशेबातून कळत नाही. त्यासाठी भरती ही अनेक लाटांची बेरीज आहे असे मानून गणित करावे लागते. चंद्रामुळे उठणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्यामुळे उठणारी बरोबर १२ तासांची. शिवाय २३ तास ५६ मिनिटांची एक, २५ तास ४९ मिनिटांची एक, आणि अशा लहानमोठ्या कितीतरी. समजा ३७ लाटा घेतल्या आणि वर्षभरातल्या दर दहा मिनिटांची पातळी काढायची ठरवली, तर ५२,५६० क्षणांसाठी प्रत्येकी ३७ कोज्या काढून त्यांची बेरीज करावी लागेल. म्हणजे १९ लाख ४४ हजारांहून अधिक कोज्या! हे काम संगणकाचे. त्याच्या आज्ञावल्याही फार पूर्वीपासून तयार आहेत. कॅनडातील फॉरमन यांची फोरट्रान भाषेतली आज्ञावली १९७७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरून पुढे इतर भाषांत कितीतरी आज्ञावल्या बेतल्या गेल्या.

अशी एखादी आज्ञावली शाळेच्या संगणकावर चालवून पाहिली, तर काळ्या पडद्यावर आकड्यांचे रकाने एकामागून एक सरकू लागतात. गणिताच्या शिक्षकांना ते पाहून आनंद होईल. मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या माणसाला मात्र त्याचा काडीइतका उपयोग नाही. त्याला हवी आहे एक खिडकी: वर तारीख निवडण्याची सोय, खाली पाण्याची चढउतार दाखवणारी रेघ, आणि सगळे मराठीत. थोडक्यात, आज्ञावलीला चेहरा हवा.

तो चेहरा कसा बसवावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. प्रश्न दिसायला सौंदर्याचा असला तरी तो सोडवण्याची जागा रंगरंगोटीत नाही. आणि आपल्या शाळांतून संगणक शिकवताना या प्रश्नाकडे जवळजवळ पूर्ण दुर्लक्ष होते, अशी माझी तक्रार आहे.

विद्यार्थ्याला खिडक्या आणि बटणे शिकवली की पहिला मोह होतो तो सगळे नव्याने लिहिण्याचा. जुनी आज्ञावली कुरूप, जुन्या भाषेतली; ती बाजूला सारून आपण आपली नवी सुंदर आज्ञावली लिहू! हा मोह टाळावा. जुन्या आज्ञावलीत केवळ सूत्रे नसतात, वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनी काढलेल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या तिच्यात मुरलेल्या असतात. विजेच्या मंडलांचे गणित करणाऱ्या 'स्पाइस' या आज्ञावलीचे उदाहरण घ्या. ती १९७३ साली अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठातून बाहेर आली. तिची आजची वंशज 'एनजीस्पाइस' आजही आकड्यांत आणि अक्षरांत बोलते. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात 'ईसिम' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. तिथल्या मंडळींनी मंडलांची समीकरणे नव्याने सोडवत बसण्याचा उद्योग केला नाही. मंडलाचे चित्र काढायला 'कायकॅड' हे तयार साधन घेतले, गणिताला एनजीस्पाइस तसेच ठेवले, आणि या सर्वांना एकत्र बांधणारी खिडकी तेवढी स्वतः लिहिली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पडद्यावर एकच सलग साधन दिसते. आत गणित करणारी आज्ञावली मात्र जुन्या घराण्यातलीच.

आता ही खिडकी बनते कशाने? बटण म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. त्याच्यावर उंदीर, म्हणजे माउस, आला की रंग बदलायचा, दाबला की आत गेल्यासारखे दाखवायचे, सोडला की काम करायचे. असे प्रत्येक बटण मुळापासून लिहायचे ठरवले तर आयुष्य त्यातच जाईल. म्हणून बटणे, याद्या, चौकटी, सरकपट्ट्या तयार असलेली पेटी वापरतात. तिला टूलकिट म्हणतात. टीके, क्यूटी, जीटीके ही त्यांतली काही प्रसिद्ध नावे. यातल्या जीटीकेची जन्मकथा मोठी बोधक आहे. बर्कलीच्याच दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ च्या सुमारास चित्रे सुधारण्याची 'गिंप' ही आज्ञावली लिहिली. तिला आधी 'मोटिफ' नावाची टूलकिट जोडलेली होती, पण ती विकतची. तेव्हा त्यांनी स्वतःची टूलकिट लिहिली आणि चालत्या गिंपमधून मोटिफ काढून ती बसवली. पुढे ही 'गिंप टूलकिट' गिंपपासून सुटी झाली आणि हजारो इतर आज्ञावल्यांत जाऊन बसली. ज्या घरासाठी खिडकी घडवली त्या घरापेक्षा खिडकीच अधिक गाजली!

इथवर सगळे सोपे वाटते. पेटी घ्यावी, जुन्या आज्ञावलीला जोडावी, झाले. पण प्रत्यक्ष जोडायला बसल्यावर एक अडचण उभी राहते, आणि ती नीट समजली की निम्मे काम झाले म्हणून समजा.

भरतीचे गणित करणारी आज्ञावली ही ठरलेल्या वाटेने जाते. सुरुवात, मग पहिली पायरी, दुसरी, शेवटी उत्तर छापले की संपली. टूलकिटचा स्वभाव नेमका उलटा. तिला शेवट नाही. कोकणातल्या वाडीत विहिरीवर पूर्वी रहाट असे. रहाट फिरत राही आणि माळेतले एकेक गाडगे वर येऊन पन्हळीत पाणी ओती. टूलकिटच्या पोटात असाच एक रहाट सतत फिरत असतो. त्याला संगणकाच्या भाषेत 'इव्हेंट लूप' म्हणतात. प्रत्येक गाडग्यातून एकेक घटना वर येते: माउस हलला, कळ दाबली गेली, खिडकीवरचे झाकण बाजूला झाले म्हणून ती पुन्हा रंगवायला हवी. गाडगे रिकामे असले तरी रहाट फिरतोच. गणिताची आज्ञावली म्हणते, 'मी सांगते त्या क्रमाने सगळे होईल.' टूलकिट म्हणते, 'तू गप्प बस. काही घडले की मी तुला हाक मारीन.' एका घरात दोन कारभारी आले की काय होते, ते सांगायला नको.

समजा 'गणित करा' हे बटण दाबले. टूलकिटने हाक मारली, आपली आज्ञावली गणिताला बसली. जोवर ते गणित चालू आहे तोवर रहाट थांबलेला असतो, कारण फिरवणारा हातच गणितात अडकला! एका वर्षाच्या १९ लाख कोज्यांना जुना संगणक सेकंद-दोन सेकंद घेईल. तेवढे खपून जाते. पण चंद्राच्या कक्षेची पातळी १८.६ वर्षांत एक आवर्तन पुरे करते, आणि भरतीवर त्याचा परिणाम होतो म्हणून कुणी उत्साही विद्यार्थ्याने १९ वर्षांची पातळी मागितली, तर तीन कोटी ६९ लाख कोज्या काढाव्या लागतील. तेवढा वेळ खिडकी मेल्यासारखी पडून राहते. बटण दबत नाही, खिडकी सरकत नाही, आणि थोड्या वेळाने संगणकच 'ही आज्ञावली प्रतिसाद देत नाही' असे जाहीर करतो. हा संदेश तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. दर वेळी यंत्र बिघडलेले नसते. पुष्कळदा कुणीतरी रहाट अडवून धरलेला असतो.

हे स्वतः पाहायचे असेल तर पायथन भाषेबरोबर मिळणारी टीके पुरेशी आहे. एक खिडकी, तिच्यात एक बटण. बटण दाबल्यावर दहा सेकंद नुसते थांबायचे, एवढीच आज्ञा. बटण दाबून लगेच खिडकी लहानमोठी करून पाहा. दहा सेकंद ती आतून स्वतःला रंगवणार नाही. मग दहा सेकंदांऐवजी एक दशांश सेकंद थांबायला सांगा. एवढा विलंब माणसाला सहसा जाणवत नाही. कुठे खटकू लागते ती सीमा प्रत्येकाने स्वतः शोधावी, वर्गात त्याचा तक्ता करावा. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तकाल मोजतो त्यापेक्षा यात कमी शिकायला मिळत नाही.

मग उपाय काय? एक उपाय असा, की लांबलचक गणिताचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यानंतर रहाटाला एक फेरा घेऊ द्यावा. दुसरा, गणितासाठी वेगळा गडी लावावा, ज्याला 'थ्रेड' म्हणतात. मात्र त्याला एक सक्त ताकीद द्यावी लागते: बटणांना आणि चौकटींना तू हात लावायचा नाहीस, उत्तर निघाले की निरोप पाठवायचा, रंगवणे हे रहाट फिरवणाऱ्याचेच काम. ही ताकीद मोडली तर आज्ञावली कधी चालते, कधी कोसळते, आणि का कोसळली ते दोन दिवस सापडत नाही. तिसरा उपाय मला सर्वात पसंत आहे. गणिताची आज्ञावली वेगळीच चालू द्यावी, स्वतंत्र प्रक्रिया म्हणून, आणि तिच्याशी फक्त बोलावे. ईसिममध्ये एनजीस्पाइस असेच स्वतंत्र चालते. पायथनच्या 'आयडल' या संपादकातही हीच युक्ती आहे. आयडलची स्वतःची खिडकी टीकेची, आणि तुम्ही लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रक्रियेत चालते. म्हणूनच तुम्ही चुकून कधीच न संपणारे चक्र लिहिलेत तरी आयडलची यादी उघडते आणि तुमची आज्ञावली तिथून थांबवता येते. आयडलमध्ये बसून तुम्ही टीकेचीच दुसरी खिडकी उघडलीत तरी दोन रहाट एकमेकांत अडकत नाहीत, कारण त्यांच्या विहिरीच वेगळ्या.

पण कधी कधी विहिरी वेगळ्या करता येत नाहीत. याचे उत्तम उदाहरण पुन्हा मुंबईचेच आहे. आयआयटी मुंबईत विमानविद्येचे प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन यांनी 'मायावी' ही आज्ञावली सुरू केली. विमानाच्या पंखाभोवती वाहणाऱ्या हवेसारखी वैज्ञानिक आकडेवारी तीन मितींत चित्ररूपाने दाखवणे हे तिचे काम. तिची पहिली माहिती २००१ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हा तिचा चेहरा टीकेचा होता. चित्र काढण्याचे मूळ काम 'व्हीटीके' नावाचा फार मोठा संग्रह करतो, जो अमेरिकेत १९९३ पासून वाढत आलेला आहे. आता गंमत पाहा. व्हीटीकेला स्वतःचा रहाट आहे. चित्र माउसने फिरवता यावे म्हणून तो लागतो. मायावीच्या पुढच्या पिढीने चेहऱ्यासाठी क्यूटी किंवा डब्ल्यूएक्स या टूलकिट वापरल्या. त्यांनाही स्वतःचा रहाट. शिवाय शास्त्रज्ञाला पायथनच्या ओळीवर बसून एकेक आज्ञा टंकायची असते, आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीतले चित्र जिवंत हवे असते. म्हणजे कळफलकाची वाट पाहणारा तिसरा कारभारी!

यातून मार्ग निघाला तो असा. व्हीटीकेचा रहाट सुरूच करायचा नाही. क्यूटीचा एकच रहाट फिरेल, आणि चित्राच्या चौकटीवर माउस हलल्याची जी घटना क्यूटीच्या गाडग्यातून वर येईल ती व्हीटीकेच्या पन्हळीत ओतायची. व्हीटीकेला वाटते आपणच पाणी काढले. पायथनची ओळ कळेची वाट पाहत असतानाही याच पद्धतीने मधला रिकामा वेळ टूलकिटच्या रहाटाला दिला जातो. त्यामुळे मायावी दोन्ही भूमिका करू शकते: स्वतःच्या घरी व्हीटीकेची यजमान, आणि दुसऱ्या कुणाच्या मोठ्या आज्ञावलीत एका चौकटीपुरती पाहुणी. पाहुणी म्हणून गेल्यावर ती यजमानाचा रहाट वापरते, आपला काढत नाही. टूलकिट निवडताना मी सर्वात आधी हाच गुण पाहीन. जी टूलकिट 'माझाच रहाट फिरला पाहिजे' असा हट्ट धरते ती नव्या घराला चालेल; जुन्या, नांदत्या घरात तिला आणू नये.

टीकेचे कर्ते जॉन औस्टरहाउट यांची दृष्टी याबाबतीत साफ होती. त्यांनी आधी 'टिकल' नावाची लहानशी भाषा केली ती दुसऱ्यांच्या आज्ञावल्यांत बसवण्यासाठीच, आणि मग तिच्यावर टीके उभारली. पायथनमध्ये तुम्ही बटण मागता तेव्हा आजही आत टिकलचा दुभाषा जागा होतो आणि तो टीकेला सांगतो. पायथनच्या पोटात टिकल, टिकलच्या हाती टीके. तीस वर्षांहून अधिक काळ ही बैठक टिकली आहे, हे पाहुणा शहाणा असल्याचेच लक्षण.

इतके बोलल्यावर टीकेची एक उणीव सांगितलीच पाहिजे, आणि ती आपल्या दृष्टीने लहान नाही.

'रत्नागिरी' हा शब्द घ्या. कागदावर तो चार अक्षरांचा आहे. संगणकाच्या स्मृतीत त्याच्या नऊ खुणा असतात: र, त, पाय मोडल्याची खूण, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. आपण उच्चारतो त्या क्रमाने त्या साठवलेल्या असतात. पण दाखवताना त आणि न यांचे जोडाक्षर करावे लागते, आणि ग नंतर साठवलेली पहिली वेलांटी उचलून ग च्या आधी काढावी लागते. हे काम फॉन्ट एकटा करत नाही. अक्षरांची मांडणी करणारा एक स्वतंत्र भाग असावा लागतो. क्यूटी आणि जीटीके या दोन्हींमध्ये तो आहे, आणि त्याचे नाव 'हार्फबझ'. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर. टीकेच्या ८.६ या आवृत्तीत, जी २०१२ साली आली आणि अजूनही असंख्य संगणकांवर आहे, लिनक्सवर असा भाग नाही. त्यामुळे तीच आज्ञावली विंडोजवर ठीक दिसते आणि लिनक्सवर त चा पाय मोडलेला, न वेगळा, आणि पहिली वेलांटी ग च्या पुढे. वाचणाऱ्याला ती पुढच्या र ची वाटते. बिचाऱ्या र ला दोन वेलांट्या! मुलाने आपल्या गावाचे नाव पडद्यावर लिहावे आणि ते असे दिसावे, मग त्याने 'मराठी संगणकाला जमत नाही' असा निष्कर्ष काढावा, यात दोष कुणाचा?

संगणकाला मराठी न जमण्याचे काहीच कारण नाही, हे पुण्यात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेले. त्यातून 'जिस्ट' कार्ड तयार झाले. हे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवले की डीबेससारख्या, केवळ इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या, जुन्या आज्ञावल्या देवनागरी दाखवू लागत. आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल नाही! ती आपली खुणा पाठवत राही. खुणांची जोडाक्षरे करणे, वेलांटी जागेवर नेणे हे कार्ड पाहून घेई. खुणांचा तक्ता पुढे १९९१ साली भारतीय मानक १३१९४ म्हणून ठरला. त्या कार्डात खिडक्या-बटणे नव्हती हे खरे, पण चालत्या आज्ञावलीला हात न लावता तिला आपल्या भाषेचा चेहरा देण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही. आणि जे काम त्या काळात एका कार्डाने केले ते त्यानंतर वीस वर्षांनी निघालेल्या टूलकिटच्या आवृत्तीला एका संगणकावर जमावे आणि दुसऱ्यावर जमू नये, हे मला पटत नाही. शाळेत लिनक्स असेल आणि खिडकी मराठीत हवी असेल, तर टीकेवर शिकावे, पण बांधावे क्यूटीत.

यावर काही शिक्षक म्हणतील की ही सगळी यातायात हवी कशाला? आता सारे काही ब्राउझरमध्ये चालते, ब्राउझरला मराठी उत्तम येते, मग आज्ञावलीत ब्राउझरच का बसवू नये? हा आक्षेप वजनदार आहे, आणि पुष्कळ मोठमोठ्या कंपन्या तेच करतात. पण तसे केल्यावर एका बटणासाठी आख्खा ब्राउझर बरोबर वाहून न्यावा लागतो. शंभर मेगाबाइटहून मोठे ओझे, आणि शाळेच्या जुन्या संगणकाची स्मृती त्यातच खर्च होते. शिवाय ब्राउझरलाही रहाट असतोच. तो झाकलेला असतो इतकेच. विद्यार्थ्याला तो दिसत नाही, म्हणून तो त्याबद्दल काही शिकतही नाही. शिकण्यासाठी उघडा रहाट बरा.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. अभ्यासक्रमात हे नाही, गुण नाहीत, मग वेळ कुठून आणायचा? याला माझ्याजवळ मोठे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की प्रकल्पासाठी जे तास दिलेले असतात त्यांत बहुतेक ठिकाणी विद्यार्थी बेरीज-वजाबाकीचे गणकयंत्र नाहीतर फुल्ली-गोळ्याचा खेळ लिहितात. दर वर्षी तेच, आणि वर्ष संपले की ते कुणी उघडतही नाही. त्याऐवजी आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांच्या गटाला एक चालती, उपयोगाची, पण कुरूप आज्ञावली द्यावी आणि सांगावे: हिच्या आतल्या एकाही ओळीला हात लावायचा नाही, हिला मराठी चेहरा बसवा. बाहेरच्या जगात संगणकाचे काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येते. कोरी पाटी क्वचितच मिळते. दुसऱ्याने लिहिलेले, चालू असलेले, मोडून चालणार नाही असे काहीतरी समोर असते.

रत्नागिरीच्या शाळांना भरतीच्या आज्ञावलीपेक्षा चांगला विषय शोधायची गरज नाही. 'एक्सटाइड' नावाची मुक्त आज्ञावली पाहण्यासारखी आहे. तिचे गणित एकच, आणि चेहरे तीन: एक आकडे छापणारा, एक खिडकीचा, एक ब्राउझरसाठीचा. गणित आणि चेहरा वेगळे ठेवले तर काय साधते ते यात दिसते. गटातल्या दोघांनी गणिताची आज्ञावली स्वतंत्र प्रक्रियेत चालवून तिच्याशी बोलणारा भाग लिहावा, दोघांनी खिडकी रचावी, आणि एकाने मराठी शब्द ठरवावेत. हे शेवटचे काम सोपे समजू नये. इंग्रजी बटणावर एका शब्दात मावते ते मराठीत दोन शब्द मागते आणि चौकट फुटते; तेव्हा चौकटींची रुंदी आकड्यांत न ठरवता शब्दांप्रमाणे वाढू द्यावी. आणि भाषा बंदरावर जाऊन ऐकावी. 'सागरी जलपातळीचा उच्चांक' असे बटणावर लिहिलेत तर मच्छीमार तुमच्याकडे पाहतच राहील. तो भरती म्हणतो, ओहोटी म्हणतो, उधाण म्हणतो, भांग म्हणतो. तेच शब्द खिडकीत यावेत.

गट कामाला लागण्यापूर्वी पहिल्या दिवशी एकच चाचणी घ्यावी. रिकाम्या खिडकीत मोठ्या अक्षरांत 'रत्नागिरी' लिहून ती शाळेतल्या प्रत्येक संगणकावर उघडावी. एकावरही वेलांटी घसरली तर टूलकिट तेव्हाच बदलावी, महिन्याभराने नव्हे. शेवटच्या दिवशी दुसरी चाचणी: १९ वर्षांचे गणित लावून द्यावे, आणि ते चालू असताना खिडकी हलवून, 'थांबा' हे बटण दाबून पाहावे. ते दबले पाहिजे. आणि या दोहोंच्या मध्ये कधीतरी, भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची जी कोष्टके प्रसिद्ध करतो त्यांच्याशी आपले आकडे ताडून घ्यावेत, कारण चेहरा कितीही देखणा असला तरी होडी लोटणारा त्या आकड्यांवर विसंबणार आहे.